केशवरावांचा पंप आणि आमचं व्होल्टेज

व्होल्टेज मोजायचं यंत्र आणायला मी भंडाऱ्याला गेलोच नव्हतो. गेलो होतो चक्कीची जाळी आणायला. दुकानदार जाळी कागदात बांधत होता, तेवढ्यात त्याने समोरच्या प्लगमध्ये काडेपेटीएवढी एक डबी खोचली आणि तिच्यावर लाल आकडे उमटले. दोनशे एकतीस.

"हे काय जी?" मी विचारलं.

"व्होल्टेज. तुमच्या घरी किती येते?"

आजवर लोकांनी मला मुलं किती, शेती किती, नोकरी किती वर्षं उरली, सगळं विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी अड्याळच्या शाळेत एकवीस वर्षं मराठी शिकवतो. उत्तर न येणाऱ्या पोराला बाकावर उभं करायची मला सवय. स्वतः उभं राहायची नाही. डबी विकत घेतली. एसटीत ती खिशात जपून धरली, आणि त्या नादात जाळी सीटखाली राहिली. जाळी दुसऱ्या दिवशी डेपोतून सोडवून आणावी लागली, पण तो विषय चंद्रकलेने इतक्या वेळा काढला आहे की मी पुन्हा काढत नाही.

चंद्रकला म्हणजे आमची सौभाग्यवती आणि बारा बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. आमच्या मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, तिची एक हॉर्सपॉवरची चक्की आहे. तीत मिरची, हळद, धने दळतात. भंडाऱ्याला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि यंदा पहिल्यांदा तिच्या गटाला त्यात गाळा मिळाला होता. ऐंशी किलो भिवापुरी मिरची पोत्यांत भरून सपरीत येऊन पडली होती. घरात भात जेवताना शिंक, झोपताना शिंक, पाढे म्हणावे तशा शिंका. हाताशी तेरा दिवस होते.

डबी मी आमच्या घरात लावली ती दुपारी. दोनशे अडतीस. मला उगीचच अभिमान वाटला. मग पाणी तापवायचा रॉड बादलीत टाकला, तर आकडा घसरून दोनशे पाचवर आला. संध्याकाळी रॉड लावला तर एकशे पंच्याऐंशी. चक्की सुरू केली तर त्याहून खाली. रॉड काढला, चक्की थांबवली, की आकडा पुन्हा वर. म्हणजे आम्हाला वीज लागत नसली की व्होल्टेज भरपूर, आणि लागली की पळून जातं. काही नातेवाईकही असेच असतात, पण त्यांना मोजायची डबी मिळत नाही.

शेजारच्या केशवरावांना विचारलं. ते तलाठी म्हणून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे त्यांना माहीत नाही असं काही नसतं.

"व्होल्टेज कमी झालं का मीटर जोरात पळते, सर," ते म्हणाले. "म्हणून तं बिल वाढते."

हे मला पटेना. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की रोध तोच असेल तर व्होल्टेज कमी झाल्यावर शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. आयुष्यभर समास सोडवलेल्या माणसाला एक वर्ग काय जड? तरी खात्री करावी म्हणून मी फाटकाजवळच्या मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. या नव्या मीटरमध्ये एक लाल दिवा लुकलुकतो. वीज जितकी जास्त, तितका तो भराभर लुकलुकतो. दुपारी रॉड लावून मोजलं. मिनिटाला एकाहत्तर वेळा. संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर तोच रॉड, तीच बादली. चौसष्ट वेळा!

रस्त्याने जाणाऱ्या दोघातिघांनी विचारलं, "सर, मीटरपाशी काय करून राहिले जी?" मी बोट वर करून त्यांना गप्प केलं, कारण आकडा चुकला असता. गावात त्या संध्याकाळी काय पसरलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी तब्येत विचारली.

चंद्रकलेला मी माझा शोध सांगितला. "कमी व्होल्टेज म्हणजे कमी वीज. तू चक्की संध्याकाळीच चालव."

"पण संध्याकाळी पाणी तापाले किती वेळ लागला?"

"वेळ लागू दे. दिवा हळू लुकलुकला ना?"

"हळू लुकलुकला, पण जास्त वेळ लुकलुकला," ती म्हणाली. "अन् संध्याकाळी चक्कीचा आवाज जड येते. घोंघावते. मले ते ठीक नाही वाटत जी."

मी तिला पुस्तकातलं पान दाखवलं. छापील मजकुरापुढे आमच्या घरात सहसा कोणी बोलत नाही. तिने संध्याकाळी साडेपाचला चक्की सुरू केली. मी मीटरसमोर स्टूलवर. दिवा अपेक्षेपेक्षा बराच भराभर लुकलुकत होता. मिरची दमट असेल, असं मी वहीत लिहिलं. तेवढ्यात सपरीतून एक लांब हुंकार आला, मग जळक्या रबरासारखा वास, मग मिरचीचा खकाणा, आणि त्या सगळ्यातून खोकत बाहेर येणारी माझी पत्नी.

"दाखवा आता पान," ती म्हणाली.

बावीस किलो मिरची दळून झाली होती. अठ्ठावन्न बाकी होती. मोटर जळली होती.

मोटर सायकलला बांधून भैय्यालालच्या दुकानात नेली. भैय्यालाल बाजाराच्या रस्त्यावर मोटरी वाइंडिंग करतो. दुकानात बसायला जागा नव्हती, म्हणून मी एका जुन्या पंपावर बसलो. त्याने मोटर उघडली, काळी पडलेली तार नखाने खरवडली आणि माझ्याकडे डॉक्टर पाहतात तसं पाहिलं.

"व्होल्टेज कमी होतं का, सर?"

"होतं. म्हणून तर चालवली. व्होल्टेज कमी तर वीज कमी."

"असं कोण म्हणे?"

पुस्तकाचं नाव घ्यायचा मला धीर झाला नाही.

"सर, रॉड अन् मोटर एका सुभावाचे नाहीत," तो म्हणाला. "रॉडले व्होल्टेज कमी देल्लं तं तो कमी घेते, कमी तापते, चूप राहते. मोटरले मिरची तेवढीच दळा लागते ना? व्होल्टेज घटलं तं ते करंट जास्त ओढते. करंट वाढला का वाइंडिंग तापते. मंग जळते."

"आणि एलईडी बल्ब?"

"तो आपलं आतल्या आत जमवून घेते. व्होल्टेज थोडं इकडंतिकडं झालं तरी उजेड तेवढाच."

"मग कमी व्होल्टेजने बिल कमी येतं की जास्त?"

"कोणाचं विचारून राहिले? रॉडचं का मोटरचं?"

"घराचं."

भैय्यालालने पक्कड खाली ठेवली आणि छताकडे पाहिलं. "ते मले नाही सांगता येत जी," तो म्हणाला. मोटर चार दिवसांनी देतो म्हणाला.

मी घरी निघालो तो गोंधळून. म्हणजे माझं बरोबर होतं. केशवरावांचंही बरोबर होतं. चंद्रकलेचं तर होतंच. एकाच घरात एकाच वायरीवर तीन उलटसुलट गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मला व्याकरणात कधी भेटलं नव्हतं. अपवाद नियमाच्या खाली लहान अक्षरांत असावा, अशी आमची शिस्त.

पण मूळ प्रश्न उरलाच. आमचं यंत्र सुरू झालं की नेमकं तेव्हाच व्होल्टेज कोण खातं? विचार करता करता मला केशवराव आठवले. त्यांच्या परसात बोअर आहे आणि बोअरवर पंप आहे. आमची चक्की सुरू झाली की मुद्दाम पंप लावायचा, असं काही? गेल्या वर्षी त्यांच्या वांग्यांच्या वाफ्यात आमची शेळी गेली होती. माणूस मनात ठेवतो.

मी सरळ त्यांच्या अंगणात गेलो. केशवराव खाटेवर पेपर वाचत होते आणि त्यांच्या पत्नी शकुनबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"केशवराव," मी म्हणालो, "चक्कीच्या वेळेला तुम्ही पंप लावू नका, एवढीच विनंती. आमची मोटर गेली."

"कोणता पंप?"

"तुमचा."

केशवरावांनी चष्मा काढला. "सर, माहा पंप दहा दिवसांपासून भैय्यालालकडं पडून आहे. आम्ही विहिरीवरून पाणी आणून राहिलो."

मला तो जुना पंप आठवला. त्यावर खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. मी त्यावर बसलो होतो.

"सकाळी त्यायले सांगतच होती मी," शकुनबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "सरायच्या अंगणात एवढं नळाचं पाणी आहे, पण पाणी पाहिजे का म्हणून एक दिवस कोणी विचारलं नाही बाई."

मी घरी आलो आणि अपमान गिळण्याचा एक जुना मार्ग धरला. अर्ज लिहायला बसलो. गावाच्या व्होल्टेजलाच दोष आहे, एवढं आता उरलं होतं. "विद्युतदाबाच्या अनियमिततेबाबत" असा विषय घालून तीन पानं लिहिली. दुसऱ्या पानावर एक उपमा इतकी चांगली जमली की मी ती दोनदा वाचून दाखवली. गल्लीतल्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या. केशवरावांनीही सही केली, म्हणाले, "तुमी लिवलं आहे तं चांगलंच असन." ते वाक्य मला नंतर फार टोचलं.

वीज कार्यालयातल्या बाबूने पहिली ओळ वाचली.

"दाबाचं इथं नाही होत जी. सरकारी दवाखान्यात दाखवा."

"विद्युतदाब. व्होल्टेज!"

"मंग व्होल्टेज लिहा ना." त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. त्यात दोन चौकटी होत्या, व्होल्टेज कमी आणि व्होल्टेज जास्त. आमच्याकडे दुपारी भरपूर आणि कामाच्या वेळी कमी, म्हणून मी दोन्हींत खूण केली. बाबू म्हणाला, दोन्ही चालत नाही. मी म्हणालो, दोन्ही खरं आहे. तो म्हणाला, खरं असू द्या, पण चौकट एक. माझ्या मागे सात माणसं उभी होती आणि त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. मी 'कमी' ठेवलं. तीन पानं त्याने पिनने मागे जोडली. उपमा कोणी वाचली नाही.

दोन दिवसांनी लाइनमन राजकुमार मोजायला आला. शांत, कमी बोलणारा माणूस. प्रामाणिकपणे सांगतो, त्याला परिस्थितीचं गांभीर्य कळावं म्हणून मी तो यायच्या आधी दोन्ही बादल्यांत दोन रॉड लावून ठेवले होते. त्याच्या यंत्रावर एकशे शहात्तर आले.

"बहुतच कमी आहे," तो म्हणाला. "बाजूच्या घरी पण पाहून घेऊ का?"

"एकवीस वर्षं शिक्षक आहे मी," मी म्हणालो. "खोटं सांगेन का?"

तो बिचारा ओशाळला. आकडा लिहून घेतला, शिवाय अकरा सह्या होत्याच. साहेबांनी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज एक पायरी वाढवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास लाइन बंद झाली, आणि आली ती अशी आली की आमच्या देवघरातला दिवा लग्नघरासारखा पेटला. डबीवर दोनशे सत्तावन्न. मी चंद्रकलेला हाक मारली. "बघ! याला म्हणतात अर्ज!"

दुपारी दोनपर्यंत गल्लीत पाच बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही गेला होता. टीव्ही केशवरावांचा.

फाटकाशी माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात आपापला बल्ब. मी मागच्या दाराने शाळेत परत जावं की काय, असा विचार करत होतो. पण चंद्रकला आधीच फाटकाशी गेली होती. शकुनबाई तणतणत होत्या. "पाणी नाही तं नाही, आता टीव्हीपण नाही! कोणी सांगितलं होतं व्होल्टेज वाढवाले? आमच्याकडं ठीकच तं होतं!"

"तुमच्याकडं ठीक होतं?" चंद्रकलेने विचारलं. "संध्याकाळीपण?"

"पंखा कधी हळू नाही झाला बाई आमचा."

चंद्रकला घरात आली, माझ्या प्लगमधली डबी उपसली आणि शकुनबाईंच्या घरात गेली. आठवडाभर ती डबी माझ्याकडे होती. मी ती बैठकीत लावली, स्वयंपाकघरात लावली, मोरीजवळ लावली. आपल्या कुंपणापलीकडे न्यावी, असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"आता रॉड लावा!" ती भिंतीपलीकडून ओरडली.

मी लावला.

"लावला का?"

"लावला!"

"इथं दोनशे छप्पन आहे!"

मग डबी भिंतीवरून माझ्याकडे आली. रॉड चालूच. आमच्या प्लगमध्ये दोनशे चौदा. रॉड काढला. दोनशे सत्तावन्न. गल्ली हे सगळं क्रिकेटसारखं पाहत होती. कोणीतरी म्हणालं, "पुन्हा एकदा करा," म्हणून पुन्हा एकदा केलं. तेच आलं.

केशवराव हळूच म्हणाले, "सर, कमी व्होल्टेज गावात नाही. तुमच्या फाटकाच्या अन् घराच्या मधात आहे."

राजकुमारला फोन गेला. तो आला, मीटरपासून घराकडे जाणाऱ्या वायरीवर नजर फिरवत चालला आणि पेरूच्या झाडाखाली थांबला. शिडी लावली, लाइन बंद केली, वर चढला. पानाआड वायरीला एक जोड होता. काळा पडलेला, चिकटपट्टी वितळून थेंबासारखी लोंबत होती.

"हा बघा," तो म्हणाला. "ढिला जोड. तुमी काही जड लावलं का व्होल्टेज इथंच खाल्लं जाते. दिवसभर तापून आणखी ढिला होते, म्हणून संध्याकाळी जास्त. हा जोडच एक हीटर झाला. मीटरच्या पुढं आहे, म्हणजे तुमच्याच बिलात. पेरूच्या झाडाले ऊब देऊन राहिले होते तुमी."

खाली जमलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"कोणी जोडला हा?" त्याने विचारलं.

मागच्या दिवाळीत मीटर भिंतीवरून फाटकाशी हलवला, तेव्हा वायर हातभर कमी पडली होती. नवी आणायला कोण जातं, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी कोणीतरी तुकडा पिळून जोडला होता आणि खाली उतरून बायकोकडे चहा मागितला होता. मी पेरूच्या पानांकडे पाहिलं. चंद्रकला माझ्याकडे पाहत होती. खोटं बोलायला जागा होती. दोष द्यायला वायरमन नेहमीच कुठलातरी असतो. पण आदल्या दिवशीच याच राजकुमारला मी माझ्या एकवीस वर्षांचा हवाला दिला होता.

"मी," मी म्हणालो. "मीच जोडला."

कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. मग केशवराव पुढे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, पयले वायर बदलू. भांडण नंतर करू." पण भांडण केलं नाही त्यांनी. त्या संध्याकाळपासून त्यांच्या घरचं पाणी आमच्या नळावरून जाऊ लागलं, आणि टीव्ही दुरुस्तीला मी स्वतः डोक्यावर धरून नेला. बल्ब घरोघरी जाऊन बदलले. प्रत्येक घरी स्टूलवर चढावं लागलं आणि प्रत्येक घरी स्टूल धरणाऱ्याने एकदा तरी विचारलं, "जोड पक्का आहे ना सर?"

ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज खाली आणायला पुन्हा अर्ज हवा होता. बाबूने कागद पुढे केला आणि कारण लिहायला सांगितलं. मी पेनचं टोपण काढलं. मग लिहिलं: "दोष माझ्या घरच्या वायरचा होता. गावाचं व्होल्टेज होतं तसं करावं." खाली सही केली.

बाबूने वाचलं. पुन्हा वाचलं. "सर," तो म्हणाला, "असा अर्ज पयल्यांदा आला इथं." आणि आतून खुर्ची आणून मला बसायला दिली.

भैय्यालालने मोटर वेळेवर दिली. नव्या वायरीवर चक्की सुरू झाली, तेव्हा आवाज हलका, एकसुरी. गटाच्या बायका पाळीपाळीने बसल्या आणि तीन दिवसांत अठ्ठावन्न किलो दळून झालं. शकुनबाई पाकिटं बांधायला आल्या. भंडाऱ्याची गाडी सकाळी सुटायची होती. मी पोती टपावर चढवून दिली आणि या खेपेला काही विसरलो नाही, कारण कंडक्टरला यादी चंद्रकलेने दिली होती.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी दुपारीच तिखट संपलं. मी चंद्रकलेला आणायला गेलो होतो. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. हात कोपरापर्यंत लाल, चेहरा थकलेला आणि फार आनंदी. मग तिने विचारलं,

"आता व्होल्टेज ठीक झालं. तं बिल कमी येईल का जास्त?"

मी विचार केला. जोडातली वीज वाचेल. मोटर कमी करंट घेईल. रॉड जास्त घेईल पण लवकर निघेल. बल्ब आपलं आतल्या आत जमवेल. पंख्याचं मला अजूनही कळलेलं नव्हतं.

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

चंद्रकलेने वळून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली. असं तिने माझ्याकडे क्वचितच पाहिलं असेल.

"हे पयलेच म्हटलं असतं ना जी," ती म्हणाली, "तं मोटर वाचली असती." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांतल्या तिखटाने मला थेट अड्याळपर्यंत शिंका येत राहिल्या, पण मी खांदा हलवला नाही.